८७ पट लहान मालडबा: जोडणी, बारकावे आणि रंगकाम

मॉडेल रेल्वे म्हटलं की लोकांना वाटतं गोल रुळांवर शिट्टी मारत फिरणारं खेळण्यातलं इंजिन. त्यात वाईट काही नाही, पण मी ज्याबद्दल लिहितोय तो जरा वेगळा वेडेपणा आहे. अमेरिकेतल्या एखाद्या रेलरोडचा, म्हणजे रेल्वे कंपनीचा, एखादा मालडबा निवडायचा, तो खरा कसा दिसायचा त्याचे जुने फोटो शोधायचे, आणि शिडीच्या पायऱ्या, ब्रेकचे पाईप, रिव्हेट, गंज, यार्डातल्या माणसाने खडूने केलेल्या खुणा, सगळ्यासकट तो वितीपेक्षा लहान करून टेबलावर उभा करायचा. चिकाटीचं काम आहे हे कुणीही सांगेल, पण त्यात नेमकं अवघड काय असतं ते बाहेरून कळत नाही, म्हणून हा लेख.

सगळा खेळ एका आकड्याचा आहे, ८७. सगळ्यात जास्त चालणारं माप म्हणजे एचओ स्केल, म्हणजे खऱ्या डब्यातला एक फूट इथे साडेतीन मिलिमीटर. (फूट एकीकडचा, मिलिमीटर दुसरीकडचा, हे लग्न कुणी जमवलं देव जाणे.) ३०४.८ ला ३.५ ने भागा, ८७.१ येतं. खऱ्या रुळांमधलं अंतर १४३५ मिमी, तर इथे १६.५ मिमी. चाळीस फुटी बॉक्सकार, म्हणजे तो बंद चौकोनी मालडबा, साधारण १४ सेंटीमीटरची होते. याहून लहान एन स्केल असतं, १:१६०, आणि मोठं ओ स्केल, अमेरिकेत १:४८, पण मी एचओवालाच आहे आणि पुढची सगळी मापं त्यातलीच आहेत.

आता गंमत अशी आहे की आपण डबा ८७ पट लहान करतो पण रंग, गोंद आणि धूळ लहान होत नाहीत. रंगाचा एक जाडसर हात बसला, समजा ०.१ मिमी, तर तो खऱ्या डब्यावर जवळजवळ ९ मिमीचा गिलावा झाला, आणि खऱ्या रिव्हेटचं डोकं असतं साडेतीन सेंटीमीटरच्या आसपास, म्हणजे मॉडेलवर ०.४ मिमी, म्हणजे दोनतीन जाड हात मारले की रिव्हेटची रांग गेली वाहून. ओल्या रंगावर बसलेला धुळीचा कण म्हणजे छपरावर पडलेला दगड. गोंदाचा ओघळ म्हणजे कुणीतरी बादली ओतलीये. नवीन माणसाचा डबा "खेळण्यासारखा" का दिसतो याचं उत्तर बहुतेक वेळा एवढंच असतं, काहीतरी कुठेतरी जाड झालंय.

पण जोडायला बसायच्या आधी एक गोष्ट ठरवावी लागते आणि ती न ठरवल्याने मी स्वतः तोंडघशी पडलोय. ती म्हणजे साल. नुसती "बॉक्सकार" असा काही प्रकार नसतो, असते ती अमुक सालची बॉक्सकार. मालडबा तीस-चाळीस वर्षं चालतो आणि तेवढ्या काळात नियम बदलतात, आणि प्रत्येक नियम डब्याच्या अंगावर खूण सोडून जातो. जुन्या बॉक्सकारच्या छपरावर मधोमध फळ्यांची वाट असते, रनिंग बोर्ड म्हणतात तिला, ब्रेकवाला माणूस चालत्या गाडीच्या छपरावरून त्यावरून पळायचा. १९६६ पासून नव्या डब्यांना ती लागेनाशी झाली आणि मग जुन्या डब्यांवरूनही हळूहळू काढत गेले, उंच शिड्याही कापल्या. १९६७ मध्ये डब्यांच्या बाजूला रंगीत पट्ट्यांची एक पाटी आली, बारकोडचीच आजी, रुळाशेजारच्या यंत्राने वाचायची. ती मळायची आणि मग वाचता यायची नाही, १९७७ मध्ये तो प्रकारच सोडून दिला, पण पाट्या पुढे कित्येक वर्षं डब्यांवर तशाच राहिल्या. १९७८ मध्ये चाकांची तपासणी झाली त्याचा काळ्या चौकोनातला पिवळा किंवा पांढरा ठिपका आला. आणि डब्याच्या बाजूला चमकणाऱ्या पट्ट्या दिसल्या तर समजायचं की २००५ च्या नियमानंतरचा फोटो आहे.

मी काय केलं होतं, तर १९५० च्या दशकातल्या वाफेच्या इंजिनामागे जोडायची म्हणून एक सुंदर बॉक्सकार केली, रंग झकास, अक्षरं झकास, आणि तो पिवळा ठिपकाही हौसेने लावला, का तर डिकलच्या, म्हणजे चिकटवायच्या छापील अक्षरांच्या, कागदावर होता. दोन महिने ती शेल्फवर मिरवली. मग एकदा फोटो काढून मोठा करून बघत होतो तेव्हा उजेड पडला. ठिपका खरवडताना खालचा रंगही निघाला ते वेगळंच.

किट कुठल्या प्रकारचं घ्यायचं? साधं प्लॅस्टिकचं, म्हणजे स्टायरीनचं, सुरुवातीला सगळ्यात बरं. हे प्लॅस्टिक पातळ सॉल्व्हंटने जोडतात, तो गोंद नसतोच खरं तर, तो दोन्ही पृष्ठभाग किंचित विरघळवतो आणि ते एकमेकांत मिसळून एकजीव होतात, म्हणून ब्रशने एक थेंब सांध्याला टेकवला की तो आपोआप फटीत ओढला जातो, जास्त लावायची गरजच नाही. रेझिनचं किट म्हणजे पुढची यत्ता: साच्यात ओतलेले भाग, कडेला पापुद्रे राहिलेले, कधी बाजू किंचित वाकलेली, आणि सॉल्व्हंट इथे चालत नाही, सुपरग्लू लागतो. पण जे विरळ डबे कुठली मोठी कंपनी कधी काढणार नाही ते रेझिनमध्येच मिळतात. एकच कळकळीची सूचना, रेझिन कोरडं घासू नका, त्याची भुकटी फुफ्फुसात जाते, पाण्यात बुडवून पॉलिश पेपरने घासा आणि तोंडाला मास्क लावा. पितळेची मॉडेलं हा श्रीमंतांचा विषय, तो सोडून देऊ.

डबा उभा राहिला की आधी तो चालायला हवा. इथे नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशन कामाला येते, १९३५ पासूनची संघटना आहे, चाकांचे आकार, रुळांची मापं, सगळ्याची मानकं यांनीच लावून दिली म्हणून एका कंपनीचा डबा दुसरीच्या रुळावर चालतो. डब्याच्या वजनाची त्यांची शिफारस अशी: एक औंस, आणि शिवाय डब्याच्या प्रत्येक इंच लांबीमागे अर्धा औंस. आपली बॉक्सकार साडेपाच इंच, म्हणजे पावणेचार औंस, म्हणजे १०६ ग्रॅमच्या आसपास. प्लॅस्टिकचा नुसता डबा याच्या निम्माही भरत नाही बऱ्याचदा, मग आत जमिनीवर लोखंडी नट किंवा पट्ट्या चिकटवायच्या, जितक्या खाली तितकं चांगलं. हलका डबा लांब गाडीच्या मध्ये असला की वळणावर आतल्या बाजूला ओढला जाऊन आडवा होतो, आणि मग पाठचे पाच त्याच्याबरोबर.

मग बोग्या. आपण मराठीत आख्ख्या डब्याला बोगी म्हणून मोकळे होतो पण बोगी म्हणजे खरं तर खालची चार चाकांची चौकट, आणि अमेरिकन माणूस तिला ट्रक म्हणतो, त्यामुळे पहिल्या वेळी किटचा कागद वाचताना माझी धमाल उडाली होती. एक युक्ती सांगतो जी पाळली तर निम्मे अपघात टळतात: एका टोकाची बोगी स्क्रूने अशी आवळायची की ती डावी-उजवी वळेल पण डुलणार नाही, आणि दुसऱ्या टोकाची सैल ठेवायची, म्हणजे ती सगळीकडे हलेल. तिपाई कधी डगडगत नाही ना, तेच तत्त्व. चाकाचं मापही बघून घ्या, ५० ते ७० टन माल नेणाऱ्या डब्यांना खऱ्यात ३३ इंची चाक, म्हणजे मॉडेलवर ९.६ मिमी, आणि १०० टनीला ३६ इंची, साडेदहा मिमी. मिलिमीटरभराचा फरक, पण डबा उंच बसला की डोळ्याला लगेच टोचतं. आणि कपलरची, म्हणजे दोन डबे जोडणाऱ्या आकड्याची, उंची, रुळाच्या माथ्यापासून कपलरच्या मध्यापर्यंत साधारण ९.९ मिमी, त्यासाठी धातूचं तयार गेज मिळतं, ते घ्याच. नजरेने जुळवलेले कपलर उतारावर सुटतात.

आता खरा मजेचा भाग, बारकावे. स्वस्त डब्यावर हाताने धरायचे दांडे, ज्यांना ग्रॅब आयर्न म्हणतात, ते प्लॅस्टिकच्या भिंतीवरच उठावाने काढलेले असतात, म्हणजे दांडा नसतोच, भिंतीला आलेला वळ असतो. खऱ्या डब्यावर तो दांडा भिंतीपासून अडीच इंच लांब असतो, हातमोजा घातलेला हात आत जायला हवा म्हणून, आणि त्या फटीतून सावली पडते. ती सावली आली की डबा एकदम जिवंत दिसतो.

हे करायचं कसं ते सावकाश सांगतो. आधी धारदार छिन्नीसारखं पातं भिंतीला सपाट टेकवून तो वळ थोडा थोडा सोलून काढायचा, एका दमात नाही, पातं रिव्हेटच्या रांगेपासून लांब. मग जागा बारीक पॉलिश पेपरने साफ. मग भोकांच्या जागी आधी सुईच्या टोकाने नुसती टोचणी द्यायची, कारण ड्रिलचं टोक गुळगुळीत प्लॅस्टिकवर घसरतंच घसरतं. भोक पाडायला ८० नंबरचं ड्रिल, जाडी साधारण ०.३४ मिमी, हातात फिरवायच्या छोट्या पिन व्हाइसमध्ये अडकवलेलं, मोटर नाही, आणि दाब जवळजवळ शून्य. ही ड्रिलं नुसती बघितली तरी मोडतात, पाचदहा आणूनच ठेवायची. दांड्यासाठी ०.३ मिमीची फॉस्फर ब्राँझची तार चिमट्याने चौकोनी वाकवायची, पाय भोकात घालायचे, आणि आता मुख्य युक्ती, तार आणि भिंत यांच्यामध्ये पाऊण मिलिमीटर जाडीची प्लॅस्टिकची पट्टी सरकवायची, तार तिच्यावर दाबायची, आणि सुपरग्लूचा ठिपका डब्याच्या आतल्या बाजूने द्यायचा. पट्टी काढली की दांडा भिंतीपासून बरोबर खऱ्यातल्या अडीच इंचाएवढा दूर. सगळे दांडे एकाच पट्टीवर केले तर रांग सरळ येते. हिशोब केलात तर ०.३ मिमीची तार म्हणजे खऱ्यातले २६ मिमी, आणि खरा दांडा १६ ते १९ मिमीचा, म्हणजे आपली तार अजूनही जाडच आहे, पण याहून बारीक घेतली तर डबा उचलताना वाकते, इथे मी तडजोड करतो.

डब्याच्या पोटाखालचं ब्रेकचं सामान करायचं की नाही यावर लोक हमरीतुमरीवर येतात, कारण रुळावर ठेवल्यावर ते दिसत नाही. माझं मत, बाजूने दिसेल तेवढं करा. पण जे कराल ते सालाप्रमाणे. जुन्या के ब्रेकमध्ये सिलिंडर आणि हवेची टाकी एकालाच एक चिकटलेली असायची, तर १९३३ पासून नव्या डब्यांना आलेल्या एबी ब्रेकचे तीन वेगळे तुकडे असतात, टाकी, व्हॉल्व्ह आणि सिलिंडर. १९५३ नंतर के ब्रेकचा डबा एका रेलरोडकडून दुसरीकडे पाठवायलाच बंदी आली.

रंगाच्या आधी आंघोळ, अक्षरशः. साच्यातून भाग सुटावा म्हणून लावलेलं तेल आणि आपल्या बोटांचं तेल, दोन्हीवर रंग धरत नाही आणि नंतर पोपडे येतात. कोमट पाणी, भांड्यांचा साबण, जुना मऊ टूथब्रश, मग वाळवून त्यानंतर उघड्या हाताने शिवायचं नाही. मग अस्तराचा एक हलका हात, करडा. अस्तराचं खरं काम म्हणजे चुगली करणं, गोंदाचे डाग, चरे, फटी सगळं त्या करड्या रंगावर उघडं पडतं, आणि ते रंगाच्या आधी कळलेलं बरं. एअरब्रशमध्ये, म्हणजे हवेच्या दाबाने रंग फवारणाऱ्या पेनसारख्या यंत्रात, रंग दुधाइतका पातळ करायचा, दाब १५ ते २० पीएसआय, तीनचार इंचांवरून, हात थांबवायचा नाही, डब्याच्या बाहेर सुरू करून बाहेर संपवायचा. एका जाड हातापेक्षा तीन विरळ हात. फार लांबून मारलात तर रंग हवेतच वाळतो आणि डबा पॉलिश पेपरसारखा खरखरीत होतो, फार जवळून मारलात तर ओघळतो.

दोन प्रकारचे रंग एकावर एक देताना सांभाळा. इनॅमलवर लॅकर मारलं तर लॅकरचा जहाल थिनर खालच्या थरात शिरतो आणि सगळं सुरकुततं. मी एका संध्याकाळी हे करून बघितलं, डबा पाच मिनिटांत म्हाताऱ्या हत्तीच्या कातडीसारखा झाला. बऱ्याचदा आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजत ठेवून रंग उतरवता येतो, पण तो उतरवतानाचा मूड वेगळाच असतो. लॅकर मारताना खिडकी उघडी आणि वाफ अडवणारा फिल्टरवाला मास्क, कापडी मास्क त्याला चालत नाही.

रंगाची छटा हा वेगळा वाद. मालडब्यांचा तो तपकिरी-लाल रंग इतका सर्रास का होता, तर त्यातलं रंगद्रव्य म्हणजे आयर्न ऑक्साइड, थोडक्यात गंजच, स्वस्त आणि टिकाऊ. पण प्रत्येक रेलरोडचा तो वेगळा, कुणाचा विटकरी, कुणाचा चॉकलेटी, आणि उन्हात दहा वर्षं राहिल्यावर अजून तिसराच. बाटलीवरचं नाव बघून भांडत बसण्यात अर्थ नाही. दुसरं म्हणजे लहान वस्तूवर रंग असतो त्याहून गडद दिसतो, बाटलीतला पक्का काळा मारला की सगळे बारकावे गिळून टाकतो, म्हणून काळ्याच्या जागी गडद करडा वापरायचा आणि बाकीच्या रंगांत थोडा पांढरा किंवा फिकट करडा घालायचा.

अक्षरं म्हणजे डिकल्स. पाण्यात भिजवलं की कागदावरून सुटणारा पारदर्शक पापुद्रा, त्यावर छापलेली अक्षरं. इथे सगळ्यांची पहिली चूक ठरलेली असते, मॅट रंगावर सरळ डिकल लावायचं. मॅट रंग सूक्ष्म पातळीवर खडबडीत असतो, म्हणूनच तो चमकत नाही, आणि त्या खड्ड्यांमध्ये हवा अडकते, आणि वाळल्यावर पापुद्र्याखाली चंदेरी झाक येते जी कितीही दाबा जात नाही. म्हणून आधी ग्लॉस वॉर्निशचा हात, मग डिकल, मग मऊ करणारं द्रावण. मायक्रोस्केल कंपनीच्या दोन बाटल्या असतात, मायक्रो सेट आधी डब्यावर लावायला आणि मायक्रो सोल नंतर वरून. हे दुसरं लावल्यावर पापुद्रा एकदम चुरगळतो आणि नवीन माणूस घाबरून बोट लावायला जातो. लावू नका! उठा, हात धुवा, फिरून या. तासाभरात तो आपला आपण ताणून बसतो, रिव्हेटच्या डोक्यावर, फळ्यांच्या खाचांत, जणू रंगवलंय. कुठे फुगा राहिला तर सुईने टोचून परत एक थेंब. शेवटी मॅट हात, की पापुद्र्याच्या कडा दिसेनाशा होतात.

त्या अक्षरांमध्येही वाचण्यासारखं खूप असतं. डब्यावरच्या मालकाच्या लघुनामाचं शेवटचं अक्षर एक्स असेल तर तो डबा रेलरोडचा नाही, खासगी मालकाचा. बीएलटी म्हणजे बांधला कधी. आणि रिकाम्या डब्याचं वजन असतं तिथे अजून एक गंमत, डबे ठराविक काळाने परत वजन करायचे आणि नवा आकडा लिहायच्या आधी तेवढ्याच जागेवर ताजा रंग मारायचे, म्हणून जुन्या फोटोंत मळकट डब्यावर एकच स्वच्छ चौकोन दिसतो. हा चौकोन केला की अनोळखी माणूसही थबकतो, काहीतरी खरं आहे असं वाटतं पण काय ते कळत नाही.

मळवायचं काम, म्हणजे वेदरिंग, याच वाटेने, प्रत्येक डागाला कारण हवं. डब्याच्या टोकाच्या भिंतीवर दोन उभे चिखलाचे पट्टे येतात कारण चाकं तिथेच पाणी उडवतात. जस्त चढवलेल्या पत्र्याच्या छपरावर रंग नीट धरत नाही म्हणून छपराचे पोपडे निघालेले आणि बाजू शाबूत असं दिसतं. चाकांचंही तसंच, जुन्या तेलाच्या पेटीवाल्या बेअरिंगमधून तेल गळायचं आणि चाकाचा चेहरा काळा चिकट व्हायचा, रोलर बेअरिंगवाली चाकं मात्र गंजकी तपकिरी, कारण तडा गेला तर दिसावा म्हणून चाकं रंगवत नाहीत. सगळ्या डब्यावर सारखाच तपकिरी धुरळा उडवणं म्हणजे वेदरिंग नव्हे, ते पावडर लावणं झालं.

इंजिनाला हे सगळं लागू आहेच, शिवाय ते चालतं. रंगवायच्या आधी कवच, काचा, दिवे, गिअर सगळं सुटं करायचं, गिअरमध्ये रंगाचा कण गेला तर इंजिन लंगडत चालतं. दुरंगी इंजिनात आधी फिकट रंग, मग गडद. युनियन पॅसिफिक रेलरोडचा पिवळा करड्यावर मारायला गेलात तर सात हात देऊनही मळकट दिसेल. मास्किंग टेप लावल्यावर टेपच्या कडेवर आधी खालचाच रंग परत एकदा हलका फिरवायचा, म्हणजे जिथून गळायचं तिथून तोच रंग गळतो आणि फट बंद होते, मग दुसरा रंग, रेघ सुरीने कापल्यासारखी येते. बाजूचे लवचिक रेलिंग बऱ्याचदा अशा निसरड्या प्लॅस्टिकचे असतात की कुठलाच रंग धरत नाहीत, वाकले की रंग टरफलासारखा सुटतो, तिथे मी सरळ धातूचे घालतो. डिजिटल कंट्रोलचा डिकोडर, म्हणजे रुळातून आलेले संदेश वाचून मोटर चालवणारं छोटं सर्किट, बसवताना मोटरची दोन्ही टोकं चॅसिसपासून पूर्ण वेगळी झालीत ना हे मीटर लावून दोनदा बघा, एक बारीक स्पर्श राहिला की पहिल्याच करंटला डिकोडरमधून धूर, आणि तो वास विसरता येत नाही.

आणि बारकावे इथे नंबरागणिक बदलतात. एसडी४०-२ हे इंजिन १९७२ पासून बरीच वर्षं बनत होतं आणि कित्येक रेलरोडकडे होतं, पण कुणाचं नाक, म्हणजे केबिनपुढचा भाग, उंच, कुणाच्या नाकावर जास्तीचे दिवे, भोंगा कुणाचा केबिनवर तर कुणाचा पार मागे, आणि खाली दोन बाजूंना लावलेले डिच लाइट १९९० च्या दशकानंतरच्याच इंजिनांवर सर्रास. एकाच रेलरोडची लागोपाठच्या नंबरांची दोन इंजिनंही दुरुस्तीत वेगळी झालेली असतात. म्हणून नंबर बोर्डवरचे ते दोन मिलिमीटरही उंच नसलेले आकडे मी लावतो सगळ्यात शेवटी, पण ठरवतो सगळ्यात आधी, त्या नंबरचा दोन्ही बाजूंनी काढलेला फोटो हातात असल्याशिवाय खोकं उघडतच नाही. सध्या एका खोक्याला फक्त डाव्या बाजूचाच मिळालाय, ते आठ महिने तसंच बंद पडून आहे.